गंगावेशीतला दूध कट्टा: पेला उशिरा येतो, येऊ दे

बाहेरगावचा पाहुणा आला की संध्याकाळी मी त्याला कोल्हापुरातल्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेतो. म्हैस समोर उभी, धार थेट पेल्यात, वर दोन बोटं फेस. दूध दाट, कोमट, किंचित गोडसर. पिशवीच्या दुधाची सवय असलेल्यांना वास उग्र वाटेल. मला तोच आवडतो.

पाहुण्यांची कुरकुर एकच, थांबावं लागतं. मी प्राणिशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझी खरी मजा त्या थांबण्यातच. धार काढणारे मामा कासेवर पाणी मारतात, सड चोळत बसतात आणि थेंब येत नाही. म्हशीच्या कासेतल्या पोकळीत जेमतेम ५ टक्के दूध तयार असतं, गायीच्या साधारण २०. बाकीचं वर बारीक पिंडिकांत, म्हणजे दूध बनवणाऱ्या इवल्या पिशव्यांत. स्पर्शाचा निरोप मेंदूत जातो, मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे हार्मोन रक्तात उतरतं, पिंडिकांभोवतीच्या पेशी आवळतात आणि सड टरारून फुगतात. एकदा शेजारी कुणीतरी बुलेट फटफटवली. "झालं, चोरला पान्हा," मामा वैतागले. घाबरलेल्या म्हशीचं ॲड्रेनालिन आडवं आलं, दुसरं काय!

हे रसायन दुधाहून कितीतरी जुनं आहे बरं का. ऑक्सिटोसिनचं घराणं ६० कोटी वर्षांच्या आसपासचं, तेव्हा सस्तन प्राण्यांचा पत्ताही नव्हता. त्याचे भाऊबंद ऑक्टोपसात आहेत, गांडुळातही आहेत. गांडुळात ते अंडी घालायच्या हालचाली सुरू करतात. मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला लावणारं व्हॅसोप्रेसिन तर सख्खं भावंड: एका जुन्या जनुकाची नक्कल होऊन दोन झाली, ९ अमायनो आम्लांपैकी फरक फक्त २ चा. दूध बनवायला लावणाऱ्या प्रोलॅक्टिनचीही तीच कथा. रंकाळा तलावातल्या माशाच्या अंगातलं मीठ ते टिकवतं, आणि कबुतरात नर-मादी दोघांच्याही अन्नपुटात पिलांसाठी दुधासारखा चीक तयार करवतं. नवं हार्मोन घडवत कोण बसतंय, आहे त्यालाच नवं काम!

पान्ह्याची वाट बघायला नको म्हणून काही जण जनावराला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचतात. कायद्यानं तो गुन्हा आहे. कट्ट्यावर सगळा कारभार गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर, म्हणून मी खुशाल ताटकळतो.

एक सांगून ठेवतो. धारोष्ण म्हणजे शेवटी कच्चंच दूध. ब्रुसेलासारखे जंतू त्यातून येऊ शकतात. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर किटली घेऊन जा, घरी आणून उकळा, मग द्या.