टेम्परेचर गन: तेलावर भरवसा, उकळत्या पाण्यावर नको

नागपूरच्या सीताबर्डीत दोन हजारांच्या आत मिळणारी, लांबूनच तापमान मोजणारी साधी इन्फ्रारेड गन (१२:१, म्हणजे १२ सेंमीवरून १ सेंमीचं वर्तुळ मोजणारी; इमिसिव्हिटी, म्हणजे वस्तू स्वतःची उष्णता किती सोडते ते प्रमाण, ०.९५ वर पक्की) सावजी भोजनालयाच्या किंवा कचोरीवाल्याच्या भट्टीवर चालेल का? कढईतल्या तेलाला मस्त चालते. उकळत्या पाण्याला मात्र अजिबात नाही.

ही गन साधारण ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीची उष्णतेची किरणं टिपते. डोळ्याला पाणी आरपार दिसतं, पण या किरणांपुढे ते डांबरच. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका थरही त्यांना अडवायला पुरतो. त्यामुळे आकडा येतो तो फक्त वरच्या पापुद्र्याचा, आणि तो वाफ सुटताना थंडावलेला असतो. नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर, म्हणून इथं पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं. गनवर त्याहून कमी दिसतं. वाफेने लेन्स धुरकटली की तर विचारूच नका. गंजाच्या (पातेल्याच्या) चकचकीत स्टीलवर नेम धरला तर आत उकळी असूनही ५०च्या आसपास काहीतरी येतं, कारण स्टील स्वतःची उष्णता कमी सोडतं आणि आजूबाजूची परावर्तित करतं.

रश्श्यावर तर्री आली असेल तर वाचलं जातं ते तर्रीचं तापमान. खालचा रस्सा किती तापलाय, याचा त्यात पत्ता नसतो. तळापासून पळी फिरवून दोन-तीन सेकंदांत ट्रिगर दाबा. मटण आतून शिजलं का, हे पाहायला खुपसायचा थर्मामीटरच हवा.

तेलाची गोष्ट वेगळी. घाणा काढा, बुडबुडे बसू द्या, झारा फिरवा, ३० सेंमीवरून थोडं तिरकं मोजा. तिथं अडीच सेंमीचं वर्तुळ मोजलं जातं. गनचा लाल ठिपका नुसता नेमासाठी. १८० अंशांना दीड टक्का चूक म्हणजे पावणेतीन अंश, तळणाला चालून जातात. तळाशी तेलाचा कागदाएवढा थर उरला असेल तर खालची कढईही आकड्यात घुसते.

कपाळावर धरायची कोरोनाच्या काळातली गन यात धरू नका, ती ४३च्या पुढे जात नाही. मे महिन्यात एसीतून काढून थेट भट्टीशी नेली तर अर्धा तास आकडे भरकटतात.

दुकानातच ठेचलेल्या बर्फात थोडं पाणी घालून ढवळा आणि मोजा. शून्यापासून ३ अंशांहून जास्त फरक आला तर दुसरी मागा.