उस्तादाच्या हाताखाली की प्रशिक्षण केंद्रात? फोर्कलिफ्ट शिकणाऱ्यासाठी

गोदामात कामाला आहात, हेल्परचे दिवस सरत आलेत आणि आता फोर्कलिफ्टवर बसायचंय, तर प्रश्न एवढाच उरतो की शिकायचं कुठे. कामावरच जुन्या ऑपरेटरच्या हाताखाली, की पाच दिवस प्रशिक्षण केंद्रात जाऊन? मी दोन्ही केलंय. आधी कामावर, मग केंद्रात. क्रम उलटा असता तर बरं झालं असतं असं आता वाटतं. अर्थात हा माझा अनुभव झाला, तुमच्याकडचं चित्र वेगळं असू शकतं.

कामावर शिकण्याच्या बाजूनं बोलायचं तर खूप आहे. जमीन खरी असते. कुठे तेल सांडतं, कुठल्या वळणावर माणूस मान खाली घालून अचानक समोर येतो, कुठल्या पॅलेटची, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटीची, खालची फळी मोडकी निघते, हे सगळं पहिल्याच आठवड्यात अंगवळणी पडतं. केंद्रात फरशी आरशासारखी होती आणि उचलायला तेच एक पॅलेट, त्यावर तेच एक खोकं. शिवाय गाडीच वेगळी. तिथे पुढे-मागे जायला स्टिअरिंगच्या डावीकडे लिव्हर होता. आमच्या गाडीला दोन पेडल आहेत, उजवं पुढे नेतं, डावं मागे. केंद्रातून परतल्यावर पहिल्याच सकाळी रॅकसमोर उभा असताना इंचिंगचं, म्हणजे गाडी इंच-इंच सरकवायचं पेडल समजून मी डावा पाय टेकवला आणि गाडी मागे निघाली. मागे कोणी नव्हतं म्हणून निभावलं. पायाची ती सवय मोडायला अर्धा दिवस गेला. एक्स्कव्हेटर शिकणाऱ्यांचंही असंच होतं म्हणतात. कंट्रोलच्या दोन पद्धती आहेत, आयएसओ आणि एसएई, आणि एकीवरून दुसरीवर गेलं की बूम आणि आर्म, म्हणजे खोदणाऱ्या दांड्याचे दोन भाग, चालवणारे हात अदलाबदल होतात.

म्हणजे केंद्राचा कागद हातात आला की काम झालं, असं नाही. ब्रिटनच्या एचएसई या कामगार-सुरक्षा संस्थेच्या मार्गदर्शिकेत शिकण्याचे तीन टप्पेच सांगितलेत: मूलभूत, मग त्या-त्या कामाचं, मग जागेवर सरावण्याचं. अमेरिकेत ओशा या तशाच सरकारी संस्थेचा नियम गाडीचा प्रकार आणि कामाची जागा, दोन्हींप्रमाणे शिकवायला सांगतो आणि किमान दर 3 वर्षांनी ऑपरेटरची पारख करायला लावतो.

तरी कामावर शिकण्यावरून माझं मन उडालं ते एका वाक्यामुळे. ‘उतर, गाडी लागलीय.’

आमचा उस्ताद चांगला माणूस होता, हातही सोन्याचा. पण फोर्कलिफ्ट एक आणि डॉकला, म्हणजे माल चढवायच्या फलाटाला, ट्रकची रांग. मी पॅलेट उचलून रॅकपाशी न्यायचो, फोर्क, म्हणजे पुढचे दोन लोखंडी दात, वर घ्यायचो, रॅकच्या दुसऱ्या थराच्या बीमवर, म्हणजे आडव्या पट्टीवर, माल आत सरकवायचो, आणि तेवढ्यात डॉकवरून हाक यायची. उस्तादाचा एक पाय पायरीवर, हात लिव्हरकडे. मी उतरायचो, उरलेलं तो सेकंदात उरकायचा. तीन आठवडे असे गेले. सगळ्यांना वाटत होतं पोरगं तयार झालं, मलाही. प्रत्यक्षात माल ठेवल्यावर फोर्क रिकामे करून सरळ मागे निघणं मी एकदाही स्वतः पूर्ण केलं नव्हतं. बघितलं होतं शंभरदा.

मग एका संध्याकाळी तो रजेवर, मी एकटा. पॅलेट बीमवर टेकलं असं मला वाटलं आणि मी गाडी मागे घेतली. फोर्क अजून फळीला खालून चिकटलेले होते, मास्ट, म्हणजे फोर्क वर-खाली नेणारा खांब, तोही किंचित मागे कललेला. पॅलेट फोर्कबरोबर बाहेर येऊ लागलं. चार बोटं बाहेर आल्यावर लाकूड करकरलं, तेव्हा मी थांबलो. खाली कोणी उभं असतं तर, हा विचार त्या रात्री झोपू देईना. यात उस्तादाची चूक म्हणवत नाही. त्याच्या डोक्यावर माल चढवण्याचं काम होतं, मला शिकवणं ही वरची हमाली.

केंद्रात प्रशिक्षकानं नेमकी हीच दुखरी जागा धरली. माल ठेवायचा, फोर्क एवढे उतरवायचे की वर-खाली दोन्हीकडे फट दिसेल, मान वळवून मागे बघायचं, मग निघायचं. अख्खी सकाळ तेवढंच. सरावासाठी मांडलेले प्लास्टिकचे कोन पाडले तरी कोणी ओरडलं नाही, उतरवलंही नाही.

कारणंही तिथेच कळली. माल असेल तर रॅम्पवर फोर्क चढाकडे, हे उस्तादानं सांगितलं होतं. रिकाम्या गाडीचे फोर्क उताराकडे हवेत, हे राहून गेलं होतं. प्रशिक्षकानं गाडीखाली खडूनं त्रिकोण काढला: दोन टोकं पुढच्या चाकांशी, तिसरं मागच्या आसाच्या मधोमध. मागे दोन चाकं असताना त्रिकोण कसा, असं मी विचारलंच. मागचा आस मध्यावर डुलतो, म्हणून आधार तिथेच धरायचा, असं तो म्हणाला. माल उंच नेऊन वळताना गाडी आडवी का होते, ते मला त्या खडूच्या रेघांवरून समजलं.

आणि सीटबेल्ट. आमच्याकडे बेल्ट पाठीमागून अडकवून त्यावर बसायची रीत होती, म्हणजे बझर गप्प. दुसऱ्या आठवड्यात मीही तेच करू लागलो होतो. गाडी कलंडताना माणसाला उडी मारावीशी वाटते आणि डोक्यावरचा गार्ड त्याच्याच अंगावर येतो. बसून राहायचं, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि पडण्याच्या उलट बाजूला झुकायचं, हे मला केंद्रात पहिल्या दिवशी सांगितलं. कामावर तीन आठवड्यांत कोणी नाही.

तुमच्याकडे डॉक बंद असताना रोज तासभर गाडी मोकळी मिळत असेल आणि उस्तादाला तेवढा वेळ खरंच दिला जात असेल, तर केंद्रावाचून अडणार नाही कदाचित. मला अशी जागा अजून दिसलेली नाही. केंद्रात जाणार असाल तर पैसे भरण्याआधी एवढंच विचारा, एका गाडीमागे शिकणारे किती? आम्ही तिघं होतो. सात-आठ असतील तर तिथेही आठवडा बाकावर बसूनच जाईल, मग उस्ताद परवडला.