किशोरकुमारच्या गाण्यांचा कार्यक्रम ठेवताय? इंदूरच्या एका ग्रुपचा अनुभव

इंदुरात किशोरची गाणी करणारे ग्रुप पुष्कळ आहेत. असणारच, त्याचं गाव खंडवा इथून जवळ, आणि मुंबईला जायच्या आधी तो शिकायला होता तो आपल्याच क्रिश्चियन कॉलेजात, त्यामुळे इथे ज्याला त्याला किशोर आपल्या घरचा वाटतो. पण बहुतेक ग्रुपची यादी बघा, १९६९ च्या आराधनापासून सुरू होते आणि राजेश खन्ना, अमिताभ झाले की संपते. गाणी उत्तम आहेत त्यात वादच नाही, पण त्याच्या आधीच्या वीस-बावीस वर्षांतला किशोर कुठे गेला, जो पडद्यावर नाचायचा, पडायचा, बाई व्हायचा आणि हे सगळं करता करता गायचा? बाबांच्या पंचाहत्तरीला कार्यक्रम ठेवायचं ठरलं तेव्हा मला तो किशोर हवा होता कारण बाबांचा किशोर तोच आहे.

दोन-तीन ग्रुपशी बोलले. एकाने सांगितलं ताई, कॉमेडी गाणी आम्ही मेडलेमध्ये घेतो, दोन-दोन ओळी, मधे मिमिक्री, पब्लिकला आवडतं. नको म्हटलं. शेवटी लोकमान्य नगरात प्रॅक्टिस करणारा हा ग्रुप मिळाला, दोन गायक, एक गायिका, कीबोर्ड, गिटार, ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम), आणि मुख्य म्हणजे अकॉर्डियन वाजवणारे एक काका. अकॉर्डियन बघितल्यावरच मी ॲडव्हान्स दिला म्हटलं तरी चालेल. कीबोर्डवर तो आवाज काढता येतो पण भात्यात हवा भरताना सूर जसा फुगतो आणि बसतो ते कीबोर्डवर होत नाही, जुन्या गाण्यांत ते लगेच कळतं.

पहिला अर्धा भाग पूर्ण लाइव्ह होता आणि त्याला मी दहापैकी दहा देते. सुरुवात 'ईना मीना डीका'ने. १९५७ च्या आशा सिनेमातलं, आणि संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे पुणतांब्याच्या आपल्या रामचंद्र चितळकरांचं, हे निवेदकाने सांगितल्यावर हॉलमधल्या मराठी मंडळींनी टाळ्या दिल्या. गाणं ऐकताना वाटतं नुसती बडबड आहे, पण गाऊन बघा. शब्दांना अर्थ नाही म्हणजे आधार फक्त लयीचा, एक अक्षर घसरलं की पुढचं सगळं घसरतं. यांच्या गायकाचं एकही अक्षर घसरलं नाही, आणि त्याने उगाच वेडेवाकडे हातवारेपण केले नाहीत. लोक हसले ते गाण्यामुळे.

मग 'पाँच रुपैया बारा आना'. हे इंदुरात वाजलं की कॉलेजच्या कॅन्टीनवाल्याच्या उधारीचा किस्सा निघतोच, म्हणतात की तेवढे पैसे किशोरचे द्यायचे राहिले होते आणि कॅन्टीनवाला मागायला लागला की हा टेबल वाजवत तोच आकडा वेगवेगळ्या चालीत गायचा. खरं खोटं देव जाणे. गाणं मात्र १९५८ च्या चलती का नाम गाडीतलं, शब्द मजरूह सुलतानपुरींचे, संगीत सचिनदेव बर्मनांचं, आणि सिनेमात अशोककुमार, अनूपकुमार, किशोर तिघं सख्खे भाऊ भाऊच झालेत. आमच्या खंडव्याच्या मामांनी इथे उभं राहून दाद दिली, ते किशोरला 'आमच्या गावचा आभास' म्हणतात, आभासकुमार गांगुली हे त्याचं खरं नाव ना.

कार्यक्रमाचं मोल वसूल झालं ते 'आके सीधी लगी दिल पे'ला. हाफ टिकट, १९६२, संगीत सलिल चौधरी. हे खरं तर द्वंद्वगीत, बाईचा भाग लताबाई गाणार होत्या, त्यांना रेकॉर्डिंगला यायला जमलं नाही तर किशोर म्हणाला दोन्ही मीच गातो, आणि गायला. पडद्यावर तो बाईच्या वेशात आणि समोर प्राण. आता बहुतेक ग्रुप हे गाणं सरळ गायक-गायिकेत वाटून टाकतात. या पोराने एकट्याने गायलं, आणि बायकी आवाज किंचाळून नाही काढला, तिथेही सूर पूर्ण लागत होता, आणि पुरुषी आवाजात परत येताना मधे श्वास घ्यायलाही जागा नाही तरी आला. माझं म्हणणं हेच आहे की किशोरची कॉमेडी हे गाण्याचंच काम आहे, ती गाण्यावर वरून लावलेली चटणी नाही. जो गाण्यात कच्चा आहे त्याला ही गाणी नुसती नक्कल करून निभावता येत नाहीत. बाबा पहिल्या रांगेत होते, त्यांनी गायकाला बोलावून पाठ थोपटली.

'एक चतुर नार'ला दोन्ही गायक समोरासमोर. पडोसन १९६८ चा, संगीत पंचमचं म्हणजे राहुलदेव बर्मनांचं, मेहमूदसाठी मन्ना डे आणि सुनील दत्तच्या मागे लपून गाणारा गुरू म्हणजे स्वतः किशोर. मन्ना डे रीतसर शास्त्रीय शिकलेले आणि किशोर कुणाकडेच न शिकलेला, आणि गोष्टीत हरायचं आहे शिकलेल्याने. मन्ना डेंची बाजू गाणारा मुलगा शास्त्रीय शिकतोय हे सरगम ऐकून समजत होतं, तो भाग त्याने जराही पातळ केला नाही, म्हणूनच समोरच्याची उडवाउडवी रंगली. हे गाणं बरेच ठिकाणी ऐकलंय, इतकं नीट बसवलेलं नव्हतं ऐकलं.

यॉडलिंगची मला काळजी होती. 'मैं हूँ झुमझुम झुमरू'मध्ये आवाज छातीतून वर फेकून परत खाली झेलायचा असतो, आणि लोक ते घशाने करायला जातात मग कोंबडा आरवल्यासारखं होतं. यांनी स्केल अर्ध्या सुराने खाली घेतलं होतं, मला ते पटलं, मूळ स्केलचा हट्ट धरून चिरकण्यापेक्षा बरं. आणि त्याला जोडून लगेच 'कोई हमदम ना रहा'. ही निवड ज्याने केली त्याला सलाम. दोन्ही गाणी एकाच सिनेमातली, झुमरू, १९६१, संगीत किशोरचं स्वतःचं, आणि हे दुसरं गाणं मूळचं दादामुनींनी म्हणजे अशोककुमारांनी १९३६ च्या जीवन नैयामध्ये गायलेलं. हसवणारा आणि हे गाणारा माणूस एकच, एकाच सिनेमात, मधे काही मिनिटं. हॉल इतका गप्प झाला की चहावाल्यांनी ट्रे आतच थांबवले.

आता तक्रारी, कारण त्या पण आहेत.

इंटरवलनंतर (पोहे-जलेबी ठेवली होती, खंडव्याच्या मामांनी लगेच किशोरचं ते दूध जलेबी खाऊन खंडव्यात राहायचं वाक्य ऐकवलं) ग्रुप बदलल्यासारखा वाटला. गिटारवाला आणि अकॉर्डियनवाले काका दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेले आणि बाकीची गाणी ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या संगीतावर झाली. बुकिंगच्या वेळी 'लाइव्ह' एवढंच बोलणं झालं होतं, अर्धंच लाइव्ह असतं हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं. ट्रॅकवर गायक बांधला जातो, कुणी वन्समोअर म्हटलं तर परत अंतऱ्यावर येता येत नाही, सगळं पहिल्यापासून. 'रूप तेरा मस्ताना' आणि पुढची सत्तरच्या दशकातली गाणी म्हणून सपाट वाटली, आवाज छान होता तरी.

साऊंड. ऑक्टोपॅड इतका वर होता की ज्येष्ठ मंडळी एक एक करून मागच्या खुर्च्यांवर गेली. साऊंडवाल्याला दोनदा सांगितलं, तो म्हणाला भिया, हॉलच असा आहे. हॉल तर आधीपासून माहीत होता ना. साऊंड चेक पाहुणे यायच्या आधी व्हायला पाहिजे होता, यांची गाडीच उशिरा आली.

आणि निवेदन. माणूस बोलतो गोड, माहितीही बरीच, पण तो म्हणाला की किशोर आधी कॉमेडियन होता आणि आराधनाने त्याला गायक बनवलं. हे मला फार लागलं. १९४८ ला जिद्दी सिनेमामध्ये खेमचंद प्रकाशांनी त्याला गायला लावलं तेव्हा पडद्यावर देव आनंद होता, मग फंटूशचं 'दुखी मन मेरे', गाइडचं 'गाता रहे मेरा दिल', ही सगळी आराधनाच्या आधीची. हां, हे खरं की त्या काळात त्याला नट म्हणूनच धरायचे, इतकं की रागिनी सिनेमामध्ये ओ. पी. नय्यरांनी पडद्यावरच्या किशोरला रफीसाहेबांचा आवाज दिला 'मन मोरा बावरा'साठी. हे सांगितलं असतं तर किती मजा आली असती. दूर गगन की छाँव में चं तर नावच नाही निघालं, १९६४, दिग्दर्शन, संगीत आणि मुख्य भूमिका तिन्ही त्याचं, सोबत मुलगा अमित. आणीबाणीत १९७६ ला आकाशवाणीने त्याची गाणी बंद केली होती ते मात्र निवेदकाने सांगितलं, आणि बाबांच्या पिढीतले सगळे माना हलवत होते.

फरमाईश म्हणून आमच्या आत्याने 'अश्विनी ये ना' मागितलं, गंमत जंमत, १९८७, अशोक सराफ आणि चारुशीला साबळे. यादीत नव्हतं, ट्रॅकही नव्हता, तर ऑक्टोपॅड आणि कीबोर्डवर तिथल्या तिथे उभं केलं आणि दुसऱ्या भागातलं सगळ्यात जिवंत गाणं तेच झालं. रामबागेतल्या सगळ्या काकवा उठून नाचल्या. किशोर त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला गेला.

मी यांना पुन्हा बोलावणार, धाकट्या काकांच्या साठीला बोलणं चालूही केलंय. फक्त या वेळी किती वादक शेवटपर्यंत थांबणार आणि कोणती गाणी ट्रॅकवर हे ॲडव्हान्स देण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून घेतेय, तुम्हीपण घ्या. अकॉर्डियनवाल्या काकांची तारीख आधी विचारा, मग हॉल बुक करा.