नक्षीवालं सील: कंडेन्सेटला खूश, बोअरला पस्तावा

लातूरकडच्या एका साखर कारखान्यात मी पंपांची देखभाल बघतो. मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, तेव्हा दोन पंपांना नक्षीवाली मेकॅनिकल सील बसवली. हे सील म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्यापाशी पाणी गळू नये म्हणून एकमेकींवर टेकून फिरणाऱ्या दोन रिंगा. एक कंडेन्सेटला, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी, दुसरं बोअरच्या पाण्याला. आता पट्टा पडलाय, हंगाम संपलाय, दोन्ही उघडून बघितली.

नक्षी म्हणजे सिलिकॉन कार्बाइडच्या रिंगवर लेझरनं पाडलेले खळगे, खोली जेमतेम ५ ते १० मायक्रॉन. इस्रायलच्या टेक्निऑनमधल्या इझाक एट्सिऑन यांनी १९९६ च्या सुमारास याचं गणित मांडलं. रिंग फिरली की खळग्यात दाब तयार होतो, तो समोरच्या कार्बनच्या रिंगला किंचित उचलतो आणि मधे पाण्याचा पापुद्रा टिकतो. 

कंडेन्सेटवर जीव खूश झाला. आधी ग्लँड प्लेटला, म्हणजे सील धरून ठेवणाऱ्या बाहेरच्या झाकणाला, हात लावला की चटका बसायचा, आता हात टेकवून उभं राहता येतं. कार्बनवर ओरखडा नाही. मात्र विजेचं बिल कमी होईल म्हणून घेऊ नका. पंपाच्या एकूण ताकदीत सीलचं घर्षण किती? अँपिअरचा काटा जागचा हलला नाही.

बोअरवर फजिती झाली. आमचं पाणी जड. रिंगचा घासणारा पृष्ठभाग तापला की क्षार तिथंच बसतो, आणि खळगे भरले की साधं सील आणि हे सारखंच. वर किंमत जास्तीची.

एक चूक आमचीच. कंडेन्सेटच्या सीलवरचे खळगे तिरपे, खवल्यासारखे. सापाच्या कातीवर डोक्याकडून शेपटीकडं बोट सरकतं, उलटं फिरवलं की अडतं, तसंच हे. रिंगवर बाण असतो. मोटार वायंडिंग होऊन आली, फेज उलटे जोडले गेले, आणि आत ओढायचं पाणी सील बाहेर ढकलायला लागलं. मोटार रिवाइंड करून आणली तर मोटार आणि पंपाला जोडणारं कपलिंग सोडून आधी दिशा बघा.

आणि फिटरला अगोदर सांगून ठेवा. आमचे फिटर मामा सवयीनं रिंग लॅपिंगला, म्हणजे घासून गुळगुळीत करायला, घेऊन निघाले होते. थांबवलं नसतं तर सगळी नक्षी पुसली गेली असती. म्हणाले, "मग साहेब, इतकी वर्सं आरशासारखं घासा म्हून का वरडत होता?"