लग्नासाठी घेतलेली लाल चोपडी : वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या वर्षी गुढीपाडव्याला नाशिकच्या मेनरोडवरच्या एका जुन्या दुकानातून लाल कापडी पुठ्ठ्याची चोपडी घेतली. लांबट, दोनशे पानांची, बांधायला सुती दोरी. १८० रुपये पडले. दुकानदाराने सवयीने विचारलं, "कोणत्या धंद्यासाठी, वहिनी?" मी म्हटलं, धाकटीच्या लग्नासाठी. त्याने लगेच कुंकवाची डबी पुढे केली आणि पहिल्या पानावर ‘श्री’ काढून दिला.

लग्न नोव्हेंबरात झालं. यंदाचा पाडवाही झाला, आणि चोपडी अजून रोजच्या हाताशी आहे. ज्यांच्या घरात कार्य निघालंय त्यांना उपयोग व्हावा म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे वडील लासलगावला कांद्याच्या आडतीवर दिवाणजी होते, त्यामुळे रोजमेळ, खतावणी हे हिशेबाचे शब्द लहानपणापासून कानावर आहेत. डाव्या अंगाला जमा, उजव्या अंगाला नावे, म्हणजे खर्च. या चोपड्यांच्या पानांना आधीच उभ्या घड्या घातलेल्या असतात, रेघा न मारता रकाने मिळतात. लग्नाच्या कामाला हे फार सोयीचं पडतं : पहिल्या रकान्यात काम, दुसऱ्यात कोण करणार, तिसऱ्यात रक्कम, चौथा मोकळा. तो मोकळा रकाना सोडाच. सगळ्यात जास्त मजकूर शेवटी तिथेच आला.

थोरल्या मुलीने त्याच आठवड्यात मोबाईलवर शीट बनवली होती. तिला तिचं श्रेय देते. आमंत्रितांची यादी ६४० नावांची झाली, आणि कुठल्या गावाला किती पत्रिका, कोणाला फोन झाला, कोण मुक्कामी राहणार, हे शीटवर चुटकीसरशी निघायचं. चोपडीत नाव शोधायला पानं उलटत बसावं लागतं. यादी शीटवर ठेवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण लग्न म्हणजे नुसती यादी नव्हे. कोणाचा काय मान, अंतरपाट कोण धरणार, कान पिळायला कोण, दिव्यांची झाल कोणाच्या डोक्यावर, विहिणींची ओटी कोण भरणार, हे घरातल्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागतं, आणि ते मांडवात नव्हे, आधी. आमच्याकडे ते चोपडीमुळे झालं.

पहिलं पान तारखेचं. गुरुजी पंचांग घेऊन आले तेव्हा मी बाजूला बसून लग्नाला वर्ज्य दिवस लिहून घेतले. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत शुक्राचा अस्त. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, पुढे चातुर्मास, आणि ३१ ऑक्टोबरला गुरू सिंह राशीत जाऊन सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण. सिंहस्थातला लग्नाचा दोष गोदावरीच्या उत्तर तीरापासून भागीरथीच्या दक्षिण तीरापर्यंत धरतात, असं जुनी माणसं सांगतात. आमचं घर पंचवटीत, म्हणजे त्याच तीरावर. सासूबाईंनी तेवढं ऐकलं आणि विषय संपवला : लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच. माझ्या निफाडच्या भावाने मात्र कपाळाला हात लावला. ऑक्टोबर छाटणी झालेली, बाग फुलोऱ्यात, फवारण्या चुकवून चालत नाही. मुलीचा मामाच नसला तर कसं चालेल? त्याच पानावर त्याच्याकडून छाटणीच्या तारखा लिहून घेतल्या आणि गुरुजींनी दिलेल्या चार मुहूर्तांतला त्याला झेपणारा धरला. गोरज मुहूर्त मिळाला. तारीख ठरवतानाच शेतकरी नातेवाइकांना विचारा. नाशिक जिल्ह्यात द्राक्ष आणि कांदा यांच्यापुढे कोणाचंच चालत नाही.

दुसरा मोठा उपयोग याद्या करताना झाला. व्याही धुळ्याचे. दोन्हीकडची मंडळी सतरंजीवर बसली, मी चोपडी मधोमध ठेवली आणि डावं पान विहीणबाईंकडे सरकवलं. म्हटलं, तुमच्याकडचं तुम्हीच लिहा. त्या क्षणभर थांबल्या, मग पदर सावरून स्वतःच्या अक्षरात लिहू लागल्या. हळदीच्या जेवणाला वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी हवी. मानाच्या साड्या पाचच, त्याहून जास्त नकोत. रुखवतात भांड्यांचा डोंगर नको, एक समईची जोडी पुरे. उजव्या पानावर मी आमचं लिहिलं : मामाची पिवळी अष्टपुत्री, दोन्ही बाजूंचा जेवणखर्च निम्मा-निम्मा, नवरदेवाकडच्या तीस माणसांची रात्रीची सोय आमच्याकडे. खाली दोघींच्या सह्या. पुढच्या सात महिन्यांत ‘तुम्ही असं म्हणाला होतात’ हे वाक्य एकदाही निघालं नाही, कारण त्यांचं म्हणणं त्यांच्याच अक्षरात समोर होतं.

आता ज्या पानासाठी मी हे सगळं लिहितेय, त्या पानाबद्दल.

मुहूर्त करतात त्या दिवशी आमच्याकडे घाणा भरतात. दोन मुसळं आंब्याच्या पानांनी एकत्र बांधायची, उखळात हळकुंडं घालायची आणि पाच सवाष्णींनी ओव्या म्हणत कांडायची. मी पानावर मथळा लिहिला, ‘घाण्याच्या सवाष्णी’, खाली पाच नावं. चोपडी नेहमीसारखी देवघराबाहेरच्या चौरंगावर उघडी राहिली. संध्याकाळी पाहते तर ‘सवाष्णी’वर पेन्सिलीची आडवी रेघ, वर बारीक अक्षरात ‘बायका’, आणि पाच नावांच्याही वर सहावं नाव : मोठी आई.

मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. भाऊजी जाऊन सहा वर्षं झाली. मी बँकेत नोकरीला जायचे तेव्हा धाकटीला त्यांनीच सांभाळलं, वेणीफणी, डबा, शाळा, सगळं. भाऊजी गेल्यापासून घरातल्या प्रत्येक मंगलकार्यात त्या आपणहून स्वयंपाकघरात जाऊन बसतात. मला हे कधीच पटलं नव्हतं, पण मी कधी बोललेही नव्हते. धाकटीने ना भांडण केलं, ना काही. पेन्सिलीने लिहून ठेवलं.

मी ती रेघ खोडली नाही. दोन दिवस पान तसंच उघडं राहिलं. येता-जाता सगळ्यांनी पाहिलं, कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी चष्मा मागवला, चोपडी मांडीवर घेतली आणि बोट फिरवत एकेक नाव वाचलं. वय ८२. बराच वेळ त्या त्याच पानावर होत्या. मग मला हाक मारली आणि म्हणाल्या, "तुझ्या जाऊला नऊवारी घेतलीय का? मुसळ धरायला नऊवारी बरी पडते." मी चौथ्या रकान्यात लिहिलं : नऊवारी, हिरवी. लिहिताना हात कापत होता, ते अक्षरातही दिसतं.

घाण्याच्या दिवशी पहिली ओवी जाऊबाईंनीच म्हटली. त्या पानाच्या कोपऱ्यावर हळदीची तीन बोटं उमटली आहेत. कोणाची ते माहीत नाही. पुसली नाहीत.

मोबाईलच्या शीटवर हे घडलं नसतं असं मला ठामपणे वाटतं. सासूबाई मोबाईल पाहत नाहीत. शीटवर कोणी नाव बदललं असतं तर ते आम्हा दोघी-तिघींनाच कळलं असतं, आणि घाण्याच्या दिवशी सगळ्यांसमोर वाद झाला असता.

व्यवहाराचं थोडक्यात सांगते. लॉन्सवाल्यांशी बोलणं झालं की तिथल्या तिथे चोपडीत लिहायचं आणि बोलणाऱ्याची सही घ्यायची, हा नियम यजमानांनी पाळला. संभाजीनगर रोडवरच्या ज्या लॉन्समध्ये लग्न झालं त्यांनी जनरेटर धरून भाडं सांगितलं होतं. लग्नानंतर हिशेबात डिझेलचे १४ हजार वेगळे लावले. पान उघडून त्यांच्याच माणसाची सही दाखवली, रक्कम कमी झाली. फुलवाल्याच्या बाबतीत आमची चूक. ‘झेंडूच्या माळा’ एवढंच लिहिलं, किती फुटांच्या ते नाही. मांडवाच्या मागची बाजू उघडीबोडकी राहिली आणि भावाला पहाटे फुलबाजार गाठावा लागला. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही, हे मी वरातीच्या पानावर लाल शाईने लिहिलं होतं. बँडवाल्याला ते पान दाखवूनच वेळ ठरवली, त्यामुळे वरात नऊ वाजता आटोपली आणि कोणाचाही विरस झाला नाही.

येवल्याला पैठणी घ्यायला गेलो तेव्हाही चोपडी सोबत होती. कारागिराच्या घरीच माग होता. आम्ही साडी उलटी करून पाहिली : पदरावरचा मोर मागूनही तितकाच स्वच्छ, कुठे लोंबते धागे नाहीत. हातमागाची ओळख हीच. किंमत, रंग, ब्लाउजचं कापड वेगळं की जोडलेलं, सगळं टिपलं. मात्र त्याच दिवशी इकडे घरी केटरर जेवणाचा पक्का आकडा घ्यायला आला, आणि आकडा येवल्यात! चोपडीची सगळ्यात मोठी अडचण हीच, ती एकच असते. त्या दिवसापासून थोरली रोज रात्री नव्या पानांचे फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू लागली. हे पहिल्या दिवसापासून करा.

आणखी दोन उणिवा. कागद शाई फार शोषतो. जेल पेनने लिहिलेलं मागच्या पानावर उमटतं, आणि केळवणाच्या दिवशी मठ्ठ्याचा पेला लवंडला तेव्हा जेलची दोन पानं पार धुऊन निघाली. साधं बॉलपेन आणि पेन्सिल टिकली. दुसरं, शिलाई मध्ये असल्याने सुरुवातीची पानं वापरून झाली की पाठ थोडी सैल होते. मी चौथ्या महिन्यात भांडी बाजारात समई वजन करून घेत असताना दोरी तुटली, शेजारच्या दुकानातून जाड नाडी घेऊन बांधली. अजून तीच आहे.

लग्न लागल्यावर काम संपेल असं वाटलं होतं. पण खरी चोपडी म्हणून ती आता वापरात आली. आहेराची १८ पानं आहेत. पाकिटांवरची नावं-रकमा त्याच रात्री दिरांनी आणि माझ्या भाच्याने मिळून लिहिल्या. डोळे मिटत होते तरी झोपले नाहीत, त्यांचे उपकार. फेब्रुवारीत लासलगावच्या चुलतभावाच्या मुलाचं लग्न होतं. पान उघडलं : त्यांच्याकडून ११०० रुपये आणि तांब्याचा एक तांब्या. त्याप्रमाणे आम्ही वाढवून दिलं आणि समोरच्या रकान्यात ‘फेडलं’ असं न लिहिता ‘दिलं’ असं लिहिलं. वडील नात्यातल्या देण्याला कधी फेड म्हणत नसत.

विवाह नोंदणीचंही एक पान ठेवा. लग्नापासून ९० दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो, तीन साक्षीदार लागतात, पुरोहितांची सही लागते, लग्नपत्रिका जोडावी लागते. आमच्या गुरुजींची सही मी सप्तपदी झाल्यावर दक्षिणा देतानाच अर्जावर घेऊन ठेवली, कारण हंगामात ते कुठे सापडतील याचा भरवसा नसतो. पहिल्या पत्रिका देवाला दिल्या त्यांचीही नोंद आहे : रविवार कारंजाचा चांदीचा गणपती, काळाराम, आणि वणीला सप्तशृंगी. उरलेल्या पत्रिकांमधून नोंदणीसाठी चार बाजूला काढून चोपडीतच ठेवल्या होत्या, त्या वेळेवर सापडल्या.

शेजारच्या वहिनींच्या मुलाचं लग्न ठरलंय, त्यांनी चोपडी मागितली. चोपडी दिली नाही, आहेराची पानं घराबाहेर जाऊ नयेत. पण याद्या, मुक्कामाची सोय, गादी-रजयांचा हिशेब आणि अक्षतांचं पान, यांचे फोटो पाठवले. त्यांना दोनशे नव्हे, शंभर पानांचीच घ्या म्हणून सांगितलं होतं. परवा आमची उरलेली पानं मोजली आणि सल्ला बदलला, दोनशेचीच घ्या. आमची ६३ उरली आहेत, आणि तीही पुरतील असं दिसत नाही. यंदा अधिक महिन्यामुळे श्रावण ऑगस्टच्या मध्यावर आलाय, धाकटीची पहिली मंगळागौर आहे. मागच्या रविवारी ती आली होती, जाताना नवं पान काढून मथळा घालून गेली. खाली एकच नाव लिहिलंय, मोठ्या आईचं. बाकीची मी लिहायची आहेत.