मुलीचे कान कुठे टोचायचे? चार ठिकाणं बघून आलेय, माझा अनुभव

मोठीच्या वेळी मी एकच प्रश्न विचारला होता, दुखेल का. समोरच्या मुलीने सांगितलं, एका सेकंदाचं काम आहे, कळणारपण नाही तिला, आणि मी तिला खुर्चीत बसवलं. आता धाकटीची वेळ आली तेव्हा मी चार ठिकाणी जाऊन आले, प्रत्येक ठिकाणी उभं राहून प्रश्न विचारले, दोन ठिकाणी लोक वैतागले, एका ठिकाणाहून आम्हाला कान न टोचताच परत पाठवलं, आणि शेवटी त्याच ठिकाणी टोचले. हे सगळं सविस्तर लिहितेय कारण मला त्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं.

आधी मोठीचं सांगते. ती तेव्हा सहा वर्षांची होती. मॉलमधला काउंटर, चकचकीत, छान हसतमुख स्टाफ, कान टोचायची स्प्रिंगची गन लावली, खट् आवाज झाला, पहिल्या कानाला ती दचकली आणि दुसऱ्या कानाला तिने मान आक्रसून घेतली, तशीच दुसरी मारली. घरी आल्यावर दोन्ही कुड्या वरखाली दिसत होत्या पण म्हटलं जाऊ दे. साधारण दहाव्या दिवशी केस विंचरताना उजव्या कानाच्या मागे बघितलं तर फिरकी दिसेचना. मला आधी वाटलं कुठेतरी पडली. बोटाने चाचपलं तर पाळीच्या आत काहीतरी टणक लागलं आणि ती किंचाळली. फिरकी सुजलेल्या पाळीत रुतून बसली होती आणि वरून कातडी यायला लागली होती. डॉक्टरांनी कान बधिर करून छोटा छेद घेऊन ती काढली. मी तिचं डोकं धरून बसले होते, तो अर्धा तास मी विसरणार नाही. आजही कोणी कानाजवळ हात नेला की ती मान बाजूला घेते.

असं का होतं ते मी नंतर डॉक्टरांना विचारलं. गनमधली कुडी ठरावीक लांबीची असते, आणि दाबलं की मागची फिरकी थेट पाळीला चिकटून बसते. टोचल्यावर पाळी सुजणार हे तर नक्कीच, पण त्या सुजेला जागाच नसते, मग मांस फिरकीच्या भोवती चढतं. शिवाय कुडीचं टोक सुईइतकं धारदार नसतं, स्प्रिंगच्या जोरावर ते मांस फाडत आरपार जातं, पोकळ सुई मात्र सरळ कापत जाते. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली, ती म्हणजे बऱ्याच गनची बॉडी प्लास्टिकची असते, ती ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारायच्या यंत्रात, घालताच येत नाही, वितळेल. म्हणून दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये स्पिरिटचा बोळा फिरवतात. स्पिरिटने पुसणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही निदान ७ दिवस टिकतो, आणि तो डाग डोळ्यांना दिसेलच असंही नाही.

आता यावेळचं. पहिल्यांदा परत एका काउंटरवरच गेले, वेगळ्या, कारण म्हटलं सगळे सारखे नसतील. इथे नवीन प्रकारची गन होती, कुडी आणि तिला धरणारा भाग बंद पाकिटातून येतो आणि कानाला लागणारा तेवढा भाग टाकून देतात. जुन्या गनपेक्षा हे बरंच बरं, हे मान्य करायला हवं. पण मी विचारलं की ट्रेनिंग किती दिवसांचं झालंय तर ती मुलगी मॅनेजरकडे बघायला लागली. मग मी विचारलं की वरच्या कानालाही टोचता का, तर म्हणाली हो करतो ना, त्याच गनने. तिथून मी निघाले. कारण वरचा कडक भाग म्हणजे कुर्चा, तिथे रक्तपुरवठा जेमतेम असतो, इन्फेक्शन झालं तर औषध पोचायलाही त्रास, आणि कुर्चा एकदा विरघळली की कानाचा आकारच बिघडतो. जो कुर्चेवर गन चालवायला तयार आहे त्याला कानाबद्दल काय माहिती असणार, असं माझं स्पष्ट मत आहे. २००० साली अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये दागिन्यांच्या एका स्टॉलवर कान टोचलेल्या ७ जणांना स्यूडोमोनास नावाच्या जंतूचं इन्फेक्शन झाल्याचं तपासणीत पक्कं ठरलं, चौघांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं, काहींचे कान कायमचे वेडेवाकडे झाले. आणि जंतू सापडला कुठे, तर जंतुनाशकाच्या स्प्रेच्या बाटलीत! ज्याने साफ करायचं तेच घाण. हे वाचल्यापासून टेबलावर उघडी पडलेली अर्धी बाटली दिसली की मी विचारते, ही कधी भरली?

दुसरं ठिकाण दागिन्यांचं दुकान. माणसं अदबीने बोलली, मुलीला स्टूल दिलं. पण गन निघाली ती ड्रॉवरमधून, कात्री आणि बिलबुकाच्या शेजारून. ग्लोव्ह्ज विचारल्यावर शोधायला गेले. कुड्या तिथल्याच घ्यायच्या, आणि कशाच्या आहेत विचारलं तर "सर्जिकल स्टील, मॅडम, ऍलर्जी होतच नाही". इथे थोडं थांबून सांगते कारण या शब्दाने मीही फसले होते. सर्जिकल स्टील असं दुकानात ज्याला म्हणतात त्यातलं ३१६एल हे स्टील घेतलं तरी त्यात साधारण १० ते १४ टक्के निकेल असतं. चांगल्या प्रतीच्या स्टीलमधून ते फार कमी सुटतं आणि पुष्कळ मुलांना काही होत नाही, पण निकेलची ऍलर्जी एकदा लागली की ती आयुष्यभर राहते, मग घड्याळाचा पट्टा, पँटचं बटण, चष्म्याची काडी, सगळ्याला खाज. ताज्या जखमेत निकेल जाणं हे ती ऍलर्जी लागण्याचं एक मोठं कारण आहे. युरोपात तर टोचलेल्या भोकात घालायच्या दागिन्यातून आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये असा नियमच आहे. पहिल्या कुडीसाठी इम्प्लांट ग्रेड टायटॅनियम, नायोबियम, किंवा निकेल नसलेलं १४ किंवा त्याहून जास्त कॅरेटचं सोनं, यातलं काहीतरी घ्यावं. टायटॅनियम घेताना त्यावर एएसटीएम एफ १३६ असं आहे का विचारा, हे हाडात बसवायच्या स्क्रूसाठी वापरतात तेच. सोन्याचा मुलामा नको, पातळ असतो, घासला की आतला धातू उघडा पडतो.

तिसरं, लहान मुलांच्या डॉक्टरांचं क्लिनिक. मला खरं तर इथेच करून मोकळं व्हायचं होतं. डॉक्टरांनी जे प्रश्न विचारले ते आधी कोणीच विचारले नव्हते. टिटॅनसचे डोस पूर्ण झालेत का, जखमेतून रक्त थांबायला वेळ लागतो का, हृदयाचा काही त्रास आहे का, एक्झिमा आहे का, घरात कोणाला जखमेवर जाड गाठ येते का, म्हणजे केलॉइड. शेवटच्या प्रश्नावर मी चमकले कारण माझ्या बहिणीला आहे. त्यांनी सांगितलं की अशा घरात टोचायचंच असेल तर वयात येण्याआधी टोचलेलं बरं, अकराव्या वर्षानंतर टोचलेल्यांमध्ये केलॉइडचं प्रमाण जास्त आढळलंय. बधिर करायचं क्रीम आधी तासभर लावतात तेही सांगितलं, आणि अगदी तान्ह्या बाळाला ते आपल्या मनाने लावायचं नाही हेही बजावलं. पण टोचणार कशाने? गननेच, पाकिटवाल्या. आणि खूण डोळ्याच्या अंदाजाने. त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितलं की मी महिन्यातून दोन-चार कान टोचतो, एकसारखे यायची गॅरंटी देत नाही. मला त्यांचा हा खरेपणा आवडला. बाळ अगदी लहान असेल किंवा काही आजार असेल तर मी अजूनही आधी डॉक्टरांकडेच जा म्हणेन, फक्त क्लिनिकची पाटी बघून सुई असेलच असं धरून चालू नका.

चौथं, पिअर्सिंग स्टुडिओ. खरं सांगते, दारातच मन कच्चं झालं होतं. भिंतीवर टॅटूची चित्रं, जोरात गाणी, इथे माझ्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन जायचं? म्हणून आधी मी एकटीच गेले. तिथल्या ताईंनी न सांगता आतली खोली उघडून दाखवली. ऑटोक्लेव्ह बघितलं, १२१ डिग्रीला निदान १५ मिनिटं किंवा १३४ ला ३ मिनिटं असा हिशोब असतो म्हणाल्या, आणि पाकिटावरची पट्टी रंग बदलते ती फक्त उष्णता लागली एवढंच सांगते, जंतू खरंच मेले का ते कळायला स्पोअर टेस्ट करावी लागते, आणि त्या टेस्टच्या रिपोर्टची फाइल समोर ठेवली. तारखा मी बघितल्या, अगदी अलीकडच्या होत्या. गन विचारली तर म्हणाल्या आमच्याकडे नाहीच. व्यावसायिक पिअर्सर्सची एपीपी नावाची आंतरराष्ट्रीय संघटना १९९४ पासून आहे, तिचाही गनला विरोधच आहे.

ठरलेल्या दिवशी धाकटीला घेऊन गेले. ताईंनी तिला खुर्चीत बसवलं, दोन्ही कान पुढून बघितले, मग पाळी दुमडून मागून बघितली, आणि म्हणाल्या, "आज नको". कानामागे तिने खाजवून खाजवून सोललं होतं, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी म्हटलं, अहो थोडंसंच आहे, सुट्टी काढून आलोय. म्हणाल्या, "थोडंसं आहे म्हणूनच सांगते, दोन आठवड्यांनी सुकेल, तेव्हा या, उघड्या कातडीशेजारी मी सुई लावणार नाही." त्या वेळी राग आला. घरी येईपर्यंत तो गेला होता आणि मी नवऱ्याला सांगितलं की आता करायचं तर इथेच. चार ठिकाणांत नाही म्हणणाऱ्या या एकट्याच होत्या, पहिल्या दोन ठिकाणी तर मी आत शिरल्याबरोबर कुडीचा ट्रे पुढे केला होता.

दोन आठवड्यांनी परत गेलो. आता हा भाग मी नीट बघितलाय. हात धुतले, ग्लोव्ह्ज घातले, कान साफ केला, पेनाने टिंब काढलं, आणि मुलीच्या हातात आरसा दिला. तिला म्हणाल्या, तू सांग बरोबर आहे का. ती म्हणाली इकडचं खाली आहे. खरंच होतं, केसभर. पुसून परत काढलं. दुसऱ्यांदा ताईंना स्वतःलाच पटलं नाही, परत पुसलं. मग ग्लोव्ह्ज बदलले, सुईचं पाकीट आमच्या समोर फाडलं. तिला म्हणाल्या, करू का, तू हो म्हणशील तेव्हाच. तिने माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच हो म्हणाली. मोठा श्वास घे, सोड, आणि सोडताना सुई आरपार. आवाज काहीच नाही. ती म्हणाली, "चिमटा काढला का?" डोळ्यांत पाणी आलं, पण दुसरा कान तिने आपणहून पुढे केला. सुई लगेच त्या धारदार वस्तूंच्या पिवळ्या डब्यात. कुडी मागून सपाट, दांडी मुद्दाम लांब, सुजेला जागा राहावी म्हणून, आणि सूज उतरली की छोटी दांडी बसवायला परत बोलावलं. मागे सपाट चकती असल्यामुळे झोपताना टोचत नाही, केस अडकत नाहीत, लहान मुलाच्या हातून फिरकी निघून तोंडात जायची भीतीही कमी.

तक्रारी पण लिहिते. अपॉइंटमेंट मिळायला तीन आठवडे लागले, आणि परत पाठवल्यावर पुढची तारीख मिळवायला मला बरेच फोन करावे लागले. गाणी बंद करायला सांगावं लागलं, सांगितल्यावर लगेच केली. काळजी कशी घ्यायची त्याचा कागद इतक्या बारीक अक्षरात आहे की माझ्या आईला वाचता येईना. पाच वर्षांच्या आतलं मूल घेत नाहीत, त्यामुळे तान्ह्या बाळासाठी हे ठिकाण नाहीच.

घरची काळजी अगदी साधी निघाली. दिवसातून दोनदा हात धुऊन ०.९ टक्क्याचं निर्जंतुक सलाईन, पुढून मागून, आणि कोरडं टिपायचं. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड नको, नवीन येणारी कातडी जळते. मोठीच्या वेळी मला सांगितलं होतं रोज कुडी गोल गोल फिरवा, आता फिरवू नका म्हणतात, कारण दर वेळी आतली खपली सुटते. पोहणं बंद. पाळी भरायला ६ ते ८ आठवडे, तोवर कुडी काढायची नाही. पहिले काही दिवस थोडी लाली आणि पांढरट लस चालते, पण ठणका वाढत गेला, पिवळा-हिरवा पू आला, ताप आला किंवा लाली पाळीच्या वर चढायला लागली तर थेट डॉक्टर, आणि घरी कुडी ओढून काढू नका, भोक वरून बंद होतं आणि पू आत अडकतो.

धाकटीचे कान आता छान भरलेत, दोन्ही एका रेषेत. छोटी दांडी बसवायला गेलो तेव्हा मोठीपण बरोबर होती, तिने स्वतःहून ताईंना विचारलं की माझा उजवा परत टोचाल का. ताईंनी आधी विचारलं, हात लावू का, मग जुना व्रण दोन बोटांत धरून हळूच दाबला, बराच वेळ. आत बारीक गाठ लागतेय म्हणाल्या, आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखवून या, ते हो म्हणाले तरच मी हात लावेन. मंगळवारची वेळ घेतलीये.