ग्लोबचं उभ्याचं तिकीट: झाडीपट्टीच्या प्रेक्षकाने काय बघून काढावं

लंडनच्या शेक्सपियर्स ग्लोबमध्ये सगळ्यांत चांगलं तिकीट कोणतं, तर जे सगळ्यांत स्वस्त आहे ते. उभं राहून बघायचं. पुण्या-मुंबईच्या बंद, वातानुकूलित नाट्यगृहाची सवय असलेल्याला हे कदाचित पटणार नाही. पण वडसा, कुरखेडा, सिंदेवाही, साकोली, अर्जुनी मोरगाव या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत ज्याने थंडीत शाल पांघरून रातभर नाटक बघितलंय, त्याला हे थिएटर पहिल्या दहा मिनिटांत ओळखीचं वाटेल. आपल्याकडची पोरं राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर ब्रिटनला शिकायला जातात, मागून कधी माय-बाप पंधरा दिवसांसाठी जातात. लंडन आय, बिग बेन, बकिंगहॅम राजवाडा हे सगळं होतं आणि ग्लोब राहून जातं, कारण तिकिटाचं नीट कोणी सांगत नाही.

आधी थिएटर काय आहे ते. शेक्सपियरच्या कंपनीचं मूळ ग्लोब 1599 चं. 1613 मध्ये ‘आठवा हेन्री’ चालू असताना तोफेची ठिणगी छपराच्या गवतात पडली आणि ते जळालं. आजचं ग्लोब थेम्सच्या दक्षिण काठावर, मूळ जागेच्या जवळच, सॅम वानामेकर या अमेरिकन नटाने आयुष्य खर्चून उभं करायला घेतलं. तो 1993 मध्ये गेला, थिएटर 1997 मध्ये उघडलं. ओकच्या लाकडाचा सांगाडा, वर गवताचं छप्पर. आगीच्या भीतीने आता छपरावर पाण्याचे फवारे बसवलेत. गोलाकार तीन मजली गॅलऱ्या, त्यांत लाकडी बाक, आणि मधे उघडं आंगण. या आंगणाला ते ‘यार्ड’ म्हणतात. इथे साधारण 700 माणसं उभी राहतात आणि तीन बाजूंनी मंचाला भिडलेली असतात. डोक्यावर आभाळ.

झाडीपट्टीशी नातं जुळतं ते उजेडामुळे. ग्लोबमध्ये प्रेक्षागृह काळोखात बुडवत नाहीत. दुपारच्या खेळाला ऊन असतं, आणि रात्रीच्या खेळाला प्रेक्षकांवरही दिवे असतात. नटाला तुमचा चेहरा दिसतो. तो स्वगत म्हणतो ते हवेत नाही, समोरच्या माणसाकडे बघून म्हणतो. कधी मिरवणूक यार्डातून घुसते, कधी राजा तुमच्या खांद्याला बाजूला सारून मंचावर चढतो. आपल्याकडे खलनायक आला की मंडपातून जो आवाज उठतो, तो इथे उठवायला कोणी मना करत नाही. गॅलरीत बसलेला माणूस हे वरून बघतो, यार्डातला त्यात असतो. फरक हाच, आणि म्हणून उभ्याचं तिकीट.

भाव. बरीच वर्षं यार्डचं तिकीट सरसकट 5 पौंड होतं. अलीकडे खेळ आणि वार बघून 5 ते 10 पौंड असतं, म्हणजे साधारण सहाशे ते बाराशे रुपये. बाकांची तिकिटं याच्या कितीतरी पटींनी चढत जातात.

हंगामाचं गणित आपल्या उलट आहे. आपली नाटकं भाऊबीजेला सुरू होतात, मंडईच्या जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती यांच्या मागेमागे गावोगाव फिरतात आणि होळीला थांबतात. ग्लोबचं उघडं थिएटर एप्रिल-मेमध्ये जागं होतं आणि ऑक्टोबरपर्यंत चालतं. म्हणजे इकडे धान निघून खळ्यावर आलं की तिकडच्या उन्हाळी हंगामाची नाटकं जाहीर व्हायच्या सुमारास लक्ष ठेवायला लागावं. विक्री टप्प्याटप्प्याने उघडते: आधी देणगीदार आणि सभासद, मग सर्वांसाठी. सभासदत्व फक्त एका फेरीसाठी घेऊ नका. 700 जागांचं यार्ड पहिल्या दिवशी संपत नाही. लवकर संपतात ते शनिवार-रविवारचे खेळ, शेवटच्या आठवड्याचे खेळ आणि बाकांमधल्या मोक्याच्या जागा.

विक्रीची वेळ ब्रिटनची दिलेली असते, इथेच पहिली चूक होते. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास पुढे करतात. त्याआधी आपण साडेपाच तास पुढे, त्यानंतर साडेचार. म्हणजे विक्री सकाळी 10 ला उघडणार असेल तर फेब्रुवारीत आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात आणि एप्रिलमध्ये अडीच.

तिकीट शेक्सपियर्सग्लोब डॉट कॉम या त्यांच्याच संकेतस्थळावरून काढायचं. गुगलवर शोधलं की वरच्या जाहिरातींत तिसऱ्याच दुकानदारांच्या साइट येतात, त्या तेच तिकीट चढ्या भावाने विकतात. खातं आदल्या दिवशीच उघडून ठेवा, देश ‘इंडिया’ निवडा, पत्त्याच्या पोस्टकोडच्या रकान्यात आपला सहा आकडी पिनकोड टाका. गर्दीच्या दिवशी साइट तुम्हाला ऑनलाइन रांगेत उभं करते. तेव्हा पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करू नका, नंबर जाऊ शकतो.

पैशाचं कलम जरा नीट वाचा, कारण गावाकडून काढलेली तिकिटं इथेच अडतात. यूपीआय चालत नाही. फक्त देशात चालणारं रुपे कार्डही नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्ड लागतं, आणि ते असलं तरी आपल्या बँका नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच ठेवून देतात. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम 2020 पासून आहे. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ‘इंटरनॅशनल’ आणि ‘ऑनलाइन’ ही दोन्ही बटणं चालू करा, मर्यादा पाच-दहा हजारांची ठेवा आणि तिकीट निघालं की परत बंद करा. पौंडाच्या भावावर बँक साधारण साडेतीन टक्क्यांपर्यंत आपला आकार लावते, त्यामुळे खात्यातून हिशेबापेक्षा थोडे जास्त कटतील. ओटीपीला काही मिनिटांचीच मुदत असते. ज्या सिमवर ओटीपी येतो त्याला घरात रेंज नसेल तर ते काम तालुक्याच्या गावी बसून करा. एकदा व्यवहार फसला की लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. बँकेचा संदेश आणि ईमेल दोन्ही बघा, नाहीतर एकाच खेळाची दोन तिकिटं निघतात. घेतलेलं तिकीट परत घेऊन पैसे मिळतील असं धरून चालू नका. ब्रिटनला जायचा व्हिसा हाती यायच्या आधी यार्डचं तिकीट काढून ठेवायला हरकत नाही, बाकाचं महाग तिकीट मात्र व्हिसा आल्यावरच.

आता यार्डात कुठे उभं राहायचं. तिकिटावर जागेचा नंबर नसतो, जो आधी आत शिरला त्याची जागा. जागा तीन प्रकारच्या. पहिली मंचाला खेटून. मंच जवळजवळ पाच फूट उंच आहे, त्यामुळे त्याच्या काठावर हात टेकून उभं राहता येतं आणि नटाची पावलं तुमच्या डोळ्यांसमोर येतात: बुटाची वादी, फळीवर उमटलेला घामाचा ओला ठसा, तलवारीचं टोक घासत गेल्याची रेघ. बुटक्या माणसाने हीच जागा धरावी. त्यासाठी दार उघडायच्या तासभर आधी रांगेत असलं पाहिजे. दुसरी जागा अगदी मागे, गॅलरीच्या भिंतीला पाठ टेकून. मंच दूर पडतो, पण पूर्ण दिसतो, कमरेला आधार मिळतो आणि वरच्या मजल्याच्या पुढे आलेल्या भागामुळे पाऊस थोडा कमी लागतो. तिसरी मधली. ती घेऊ नका. टेकायला काही नाही, पुढे डोकी, आणि नटांची वाट नेमकी तिथूनच निघते.

खेळ अडीच ते तीन तासांचा, मधे एक मध्यंतर. यार्डात खेळ चालू असताना खाली बसू देत नाहीत, घडीचं स्टूलही चालत नाही. आपल्याकडे रात्री दहापासून पहाटेपर्यंत नाटक बघणारा माणूस म्हणेल, तीन तासांचं काय. पण ते बसून असतं. उभ्याने भोवळ येते ती थकव्याने कमी आणि गुडघे ताठ धरून एकाच जागी राहिल्याने जास्त, कारण रक्त पायात साचतं. गुडघे किंचित सैल ठेवा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकत राहा, उपाशी जाऊ नका, पाण्याची बाटली जवळ ठेवा. 2014 मध्ये ‘टायटस अँड्रॉनिकस’ या नाटकातलं रक्त बघून इथे प्रेक्षक कोसळल्याच्या बातम्या झाल्या होत्या. तसं हिंसक नाटक असेल तर सूचना संकेतस्थळावर दिलेली असते, ती वाचा.

पाऊस आला तरी खेळ थांबत नाही. छत्री उघडता येत नाही, कारण मागच्याचं दिसणं बंद होतं. टोपीचा रेनकोट न्या. लंडनचा पाऊस आपल्या मृगाच्या सरीसारखा नसतो, बारीक असतो, पण गार. जूनमध्येसुद्धा रात्री अंगात स्वेटर लागतो. दुपारच्या खेळाला उलटा त्रास: ऊन थेट डोक्यावर, तेव्हा टोपी किंवा दुपट्टा. मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, विमानतळावरून सामानासकट थेट जाण्याचा बेत करू नका. लंडन ब्रिज किंवा ब्लॅकफ्रायर्स स्टेशनवरून दहा-पंधरा मिनिटं चालत.

माय-बाप सोबत असतील तर बाकाचं तिकीट काढावं लागेल, आणि तिथे डोळे उघडे ठेवा. मंचावरचं छत दोन जाड खांबांवर उभं आहे, ते बऱ्याच जागांच्या आड येतात. बाजूच्या टोकाच्या जागांवरून नटांची पाठच जास्त दिसते. ‘रिस्ट्रिक्टेड व्ह्यू’ लिहिलेलं असेल तर ते खरं समजा. बाकांना पाठ नाही. म्हणून गॅलरीची शेवटची ओळ निवडा, तिला मागे भिंत असते. भाड्याची उशी नक्की घ्या, ओकचा बाक तासाभरात टोचायला लागतो. पैसे आणि पाठ दोन्ही सांभाळायचं तर मधल्या गॅलरीची, मंचासमोरची शेवटची ओळ आम्हाला सगळ्यांत योग्य वाटते.

नाटक कोणतं? पहिल्यांदा जाणाऱ्याने विनोदी निवडावं: ‘ट्वेल्थ नाइट’, ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’, ‘मच अडू अबाउट नथिंग’. शब्द निसटला तरी वेशांतर, गैरसमज, दारुड्याचा गोंधळ डोळ्यांना कळतो. इंग्लंडच्या राजांची ऐतिहासिक नाटकं नंतर. ती भाषा चारशे वर्षांपूर्वीची आहे, इंग्रजीत एमए झालेल्यालाही पहिला अर्धा तास अडते, म्हणून गोष्ट आधी मराठीत वाचून जा. ‘लिअर’ असेल तर विंदांचा ‘राजा लिअर’, ‘मॅकबेथ’ असेल तर शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’. तालुक्याच्या वाचनालयात विचारून बघा. वेळापत्रकात ‘कॅप्शन्ड’ असा खेळ दिसला तर तोच घ्या, संवाद पडद्यावर लिहून येतात. इंग्रजी ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोपं जातं, म्हणजे आपल्या मराठी शाळांतून गेलेले बहुतेक सगळे, त्यांना याचा फार फायदा होतो.

हिवाळ्यात गेलात तर त्याच आवारात सॅम वानामेकर प्लेहाउस आहे, 2014 मध्ये उघडलेलं, बंदिस्त, मेणबत्त्यांच्या उजेडातलं. जागा साडेतीनशेच्या आत. सुंदर आहे, पण बाक अरुंद, वरून नीट दिसत नाही, आणि तिकीट लवकर संपतं. शेक्सपियरच्या जन्मगावी, स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनला, रॉयल शेक्सपियर कंपनीचा खेळ बघायचा तर दुपारचाच घ्या. रात्रीचा संपेपर्यंत लंडनला परतायची गाडी मिळणं कठीण होतं.

आणि ज्यांना जायचं नाही त्यांच्यासाठी नॅशनल थिएटर अ‍ॅट होम आहे, म्हणजे लंडनच्या नॅशनल थिएटरची चित्रित नाटकं घरबसल्या इंटरनेटवर. डिसेंबर 2020 पासून ही सेवा सुरू आहे आणि भारतातही चालते. महिन्याची वर्गणी भरा किंवा एकच नाटक भाड्याने घ्या, खाली इंग्रजी अक्षरं येतात. फक्त रोजच्या दीड जीबीत उंच दर्जाचं चित्र लावलं तर पहिल्या अंकातच डेटा संपेल. दर्जा खाली आणा, नाहीतर ग्रामपंचायतीत किंवा शाळेत फायबर असेल तर प्रोजेक्टरवर मिळून बघा. मोठा पडदाच हवा असेल तर मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात नॅशनल थिएटर लाइव्हचे चित्रित खेळ दाखवतात. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने रात्रभराचा प्रवास, सकाळी सीएसएमटी. वडशाहून गोंदियाला जोडगाडी धरावी लागते, तिची वेळ बघूनच तिकीट काढा.

ग्लोबला गेलात तर एक गोष्ट चुकवू नका. शेवटचा संवाद झाला की लोक पिशव्या आवरायला लागतात, तसं करू नका. नाटक शोकांत असलं तरी बहुतेक वेळा शेवटी सगळे नट, मेलेलेसुद्धा उठून, मंचावर एकत्र नाच करतात. त्याला ‘जिग’ म्हणतात. यार्ड टाळ्यांचा ठेका धरतं, फळ्या दणाणतात, आणि मंचाच्या काठावर हात ठेवला असेल तर तो दणका तळव्यात येतो.